हृदयाच्या गोळ्यांसोबतचे पहिले वर्ष

मी गिरगावातील एका छापखान्यात बत्तीस वर्षे मुद्रितशोधनाचे काम केले. अक्षर कितीही बारीक असले तरी ते वाचल्याशिवाय पान पुढे सरकवायचे नाही, ही सवय त्या कामाने अंगात मुरवली. तरीही २०२२च्या जुलैमध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णालयातून घरी आले आणि पंधरवड्याने जवळच्या दुकानातून औषधांचा दुसरा हप्ता मागवला, तेव्हा त्या गोळ्यांच्या पट्ट्या मी न वाचताच डब्यात ठेवल्या. वाचण्यासारखे त्यांच्यावर फारसे उरलेही नव्हते. केमिस्टने मोजून गोळ्या देताना कात्री अशी चालवली होती की एका पट्टीवर नावाचा अर्धाच भाग, दुसरीवर नुसती किंमत आणि तिसरीवर कोरी चंदेरी पाठ राहिली होती. त्या कात्रीमुळे पुढे जे झाले ते सांगण्यापूर्वी थोडे मागे जायला हवे.

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, ११ जुलैला, पहाटे पाणी भरताना माझा जबडा दुखू लागला. दाढ ठणकावी तसे ते दुखणे होते. मग डावा खांदा भरून आला, मळमळू लागले आणि पावसाळी गारव्यातही घामाने ब्लाउज भिजला. छातीत कळ अशी आलीच नाही. आदल्या दिवशीच्या उपासाने पित्त खवळले असेल असे समजून मी कोकमाचे सरबत घेऊन पडून राहिले आणि त्यात मोलाचा पाऊण तास गेला. स्त्रियांमध्ये जबडा, मान किंवा पाठ दुखणे, मळमळणे आणि एकाएकी गळून जाणे ही झटक्याची लक्षणे पुरुषांपेक्षा अधिक आढळतात, हे मला नंतर कळले. यजमानांनी आमच्याच चाळीच्या तळमजल्यावर राहणाऱ्या डॉक्टरांना उठवले. त्यांनी कार्डिओग्रामची पट्टी पाहिली, ॲस्पिरिनच्या ७५ मिलिग्रॅमच्या चार गोळ्या माझ्या हातावर ठेवल्या आणि म्हणाले, “काकू, गिळू नका. चावून खा.” चावल्याने औषध लवकर रक्तात उतरते. त्या घटकेला त्यांनी दिलेल्या त्या चार गोळ्यांविषयी मी आजही कृतज्ञ आहे.

त्याच सकाळी अँजिओप्लास्टी झाली. उजव्या मनगटातील रक्तवाहिनीतून नळी हृदयापर्यंत नेऊन, बंद पडलेल्या धमनीत औषधाचा लेप असलेला एक स्टेंट बसवण्यात आला. चार दिवसांनी घरी पाठवताना केसपेपरवर सात औषधे लिहून दिली होती: ॲस्पिरिन ७५, क्लोपिडोग्रेल ७५, ॲटोरव्हास्टॅटिन ८०, मेटोप्रोलॉल २५, रामिप्रिल अडीच, पोटासाठी पँटोप्राझोल ४० आणि अडीनडीला जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट ५ मिलिग्रॅम. हे आकडे माझ्या प्रकृतीसाठी ठरवलेले होते. दुसऱ्याच्या केसपेपरवर ते निराळे असतील आणि तसेच ते असायला हवेत.

ऑगस्टच्या मध्याला दात घासताना ब्रश तांबडा दिसू लागला. मग भाजीची पिशवी जिथे अडकवते तिथे, कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढा निळा डाग उठला. दोन दिवसांनी दंडावर दुसरा उठला आणि तो कशाने आला हे मला आठवेना. ‘रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे, एवढे होणारच’ असे शेजारणीने सांगितले आणि तिचे अगदीच चूक नव्हते. शनिवारी मुलगी आली. तिने माझा हात पाहिला, गोळ्यांचा डबा जमिनीवर उपडा केला आणि माझेच जुने भिंग माझ्या हाती देऊन म्हणाली, “आई, आता एकेक पट्टी वाच.”

वाचायला बसले तेव्हा उलगडा झाला. रुग्णालयातून मिळालेली क्लोपिडोग्रेलची पट्टी मी जपून ठेवली होती. दुसऱ्या खेपेची पट्टी त्याच कंपनीची, त्याच रंगाची होती, परंतु तिच्यावरचे नाव जिथे संपायचे तिथेच ती कापली गेली होती. मुलीने दुकानात जाऊन अखंड पट्टी मागून पाहिली, तेव्हा त्या नावापुढे ‘ए’ हे एक अक्षर असल्याचे दिसले. आपल्याकडे अशा जोडगोळ्या पुष्कळ मिळतात. त्या ‘ए’चा अर्थ असा की या गोळीत क्लोपिडोग्रेलच्या जोडीला ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिनही होते आणि मी वेगळे ॲस्पिरिन रोज दुपारी जेवणानंतर घेतच होते. तीन आठवडे मी दुप्पट ॲस्पिरिन घेत होते. दिवसाला दीडशे मिलिग्रॅम हे काही विष नव्हे, परंतु क्लोपिडोग्रेलच्या जोडीला तेवढ्याने स्टेंटला अधिक संरक्षण मिळत नाही आणि रक्तस्रावाचा धोका मात्र वाढतो, असे हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी मला समजावले. दुकानदाराने चूक मान्य केली. मूळ गोळी त्या दिवशी संपली होती म्हणून त्याने ‘त्यातलीच’ दिली होती. मला त्याचा राग आला आणि स्वतःचाही आला, कारण एका अक्षराने काय होते हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

त्या दिवसापासून मी प्रत्येक गोळीचे मूळ नाव, तिचे काम आणि तिचा त्रास समजून घ्यायला बसले. ‘रक्त पातळ करणे’ हा आपला बोलण्यातला शब्द आहे, परंतु ॲस्पिरिनने रक्त पातळ होत नाही. रक्तात बिंबिका, म्हणजे प्लेटलेट नावाच्या चिमुकल्या पेशी असतात. रक्तवाहिनीला कुठे इजा झाली की त्या एकमेकींना हाक मारून तिथे गोळा होतात आणि गुठळी धरतात. ही हाक म्हणजे थ्रॉम्बॉक्सेन नावाचे रसायन असते. ते बनवणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, ॲस्पिरिन कायमचे निकामी करते आणि बिंबिकेला केंद्रकच नसल्यामुळे तिला तो विकर नव्याने घडवता येत नाही. ती बिंबिका तिच्या सात ते दहा दिवसांच्या उरलेल्या आयुष्यात मुकी राहते. एवढीशी गोळी दिवसातून एकदाच का पुरते आणि बंद केल्यावरही तिचा परिणाम आठवडाभर का रेंगाळतो, ही दोन्ही कोडी यातून सुटतात. क्लोपिडोग्रेल त्याच बिंबिकांचा दुसरा कान बंद करते. ते पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते आणि यकृतात गेल्यावर कामाला लागते. यकृतातील त्याच यंत्रणेला ओमेप्राझोल अडथळा करते, म्हणून माझ्या पोटासाठी पँटोप्राझोल निवडले होते. पित्ताची कोणतीही गोळी चालते असे मी तोवर समजत होते.

नवा स्टेंट हा शरीराच्या दृष्टीने परकी धातूची जाळी असतो. रक्तवाहिनीचे आतले अस्तर तिच्यावर हळूहळू चढते आणि त्याला काही महिने लागतात. तोवर उघड्या धातूवर गुठळी धरण्याची भीती असते. म्हणून झटक्यानंतर या दोन गोळ्या सहसा वर्षभर बरोबरीने घ्याव्या लागतात आणि त्यानंतर बहुधा एकटे ॲस्पिरिन चालू राहते. ओपीडीच्या रांगेत भेटलेल्या एका बाईंना क्लोपिडोग्रेलऐवजी टिकाग्रेलोर दिले होते. त्या गोळीने त्यांना बसल्या जागी धाप लागत असे आणि दुसरा झटका येतोय की काय या भीतीने त्या रात्रभर जागत. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत टिकाग्रेलोर घेणाऱ्या शंभरांपैकी तेरा-चौदा जणांना असा त्रास झाल्याची नोंद आहे. त्यांना हे आधी कोणी सांगितले असते तर त्या रात्री तरी सुखाच्या गेल्या असत्या.

माझ्या वाट्याला आला तो खोकला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात घशात पिसाने गुदगुल्या कराव्यात तसे होऊन सुका खोकला सुरू झाला. कफ नाही, ताप नाही आणि रात्री आडवे झाले की उबळ वाढायची. गिरगावात भर पावसाळ्यात खोकल्याचे कोणाला नवल वाटत नाही. आडुळशाचा काढा झाला, ज्येष्ठमध झाले, हळद-दूध झाले. गणपतीत आरती म्हणता येईना म्हणून मी नुसत्या टाळ्या वाजवत उभी राहिले. एका दवाखान्यात छातीचा एक्स-रे काढून प्रतिजैविकांची पाच दिवसांची मात्रा दिली गेली. माझ्या केसपेपरवरील रामिप्रिल हे नाव तिथे कोणाच्याही नजरेने टिपले नाही. खोकल्याला पाच आठवडे होऊन गेल्यावर हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी माझे दोन वाक्यांचे बोलणे ऐकले आणि मध्येच थांबवून विचारले, “काकू, खोकला कोरडाच आहे ना?”

रामिप्रिल हे एसीई नावाच्या विकराला रोखणारे औषध आहे. हा विकर अँजिओटेन्सिन नावाचे, रक्तवाहिन्या आवळणारे द्रव्य तयार करतो. त्याला रोखले की वाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो आणि झटक्याने दुबळे झालेले हृदय पसरत जाण्याला आळा बसतो. परंतु हाच विकर शरीरात आणखी एक काम करत असतो. तो ब्रॅडिकायनिन नावाच्या रसायनाचा निचरा करतो. विकर बंद पडला की ते रसायन साचत जाते, श्वासनलिकेला हुळहुळी आणते आणि कोरडा खोकला सुरू होतो. हा खोकला स्त्रियांना अधिक होतो. या औषधकुळाचा उगम वाचताना मी थक्क झाले. ब्राझीलमधील जराराका नावाच्या विषारी सापाच्या विषात ब्रॅडिकायनिनचा प्रभाव वाढवणारे घटक असल्याचे सर्जिओ फरेरा या ब्राझिलियन संशोधकाने १९६०च्या दशकात दाखवले होते. त्याच धाग्यावरून पुढे कॅप्टोप्रिल हे या कुळातील पहिले तोंडाने घ्यायचे औषध घडले आणि १९८१ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. म्हणजे माझा खोकला हा या औषधाच्या जन्माशीच बांधलेला होता. गोळीचा गुण आणि गोळीचा त्रास या दोन वेगळ्या गोष्टी असतात, अशी माझी जन्मभराची समजूत त्या दिवशी गळून पडली.

रामिप्रिल बंद करून बाईंनी टेल्मिसार्टन ४० दिले. ते विकराच्या वाटेला जात नाही. अँजिओटेन्सिन जिथे जाऊन बसते ती जागाच ते अडवते, त्यामुळे ब्रॅडिकायनिन फारसे साचत नाही. खोकला एका दिवसात गेला नाही. दहाव्या-बाराव्या दिवशी तो विरळ झाला आणि तिसऱ्या आठवड्यात एके रात्री मी सलग सहा तास झोपले. खोकल्याखेरीज या कुळातील गोळ्यांनी क्वचित ओठ, जीभ किंवा चेहरा सुजतो. तसे झाले तर गोळी थांबवून ताबडतोब रुग्णालय गाठायचे, हेही बाईंनी आठवणीने बजावले.

टेल्मिसार्टन सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी रक्तातील क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायला सांगितले होते. पोटॅशियम ५.४ आले, म्हणजे असायला हवे त्यापेक्षा थोडे जास्त. हे कशामुळे याचा शोध घरातच लागला. मिठाचा त्रास नको म्हणून मुलीने कौतुकाने ‘कमी सोडियमचे’ मीठ आणले होते आणि त्यात सोडियमची जागा पोटॅशियम क्लोराइडने घेतलेली होती. शिवाय चौपाटीवर फिरून आल्यावर मी रोज एक शहाळे पीत होते आणि शहाळ्यातही पोटॅशियम भरपूर असते. निरोगी माणसाचे मूत्रपिंड ते सहज बाहेर टाकते. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल चालू असताना मात्र ते शरीरात साचते आणि फार वाढले तर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवते. साधे मीठ परत आले, पण चिमटीने मोजून. शहाळे आता महिन्यातून एखाद्या वेळी होते. पौष्टिक म्हणून घेतलेली गोष्ट औषधाशी भांडू शकते, हे आमच्या घरात कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

गौरीच्या नैवेद्याला आलेल्या पपनसाचीही तीच कथा. ग्रेपफ्रूटमधील काही द्रव्ये आतड्यातील एका विकराला रोखतात आणि त्यामुळे ॲटोरव्हास्टॅटिनसारख्या औषधाचे रक्तातील प्रमाण वाढते, हे चांगले ठाऊक झालेले आहे. ग्रेपफ्रूट हे मुळात पपनस आणि संत्रे यांच्या संकरातून आलेले फळ आहे आणि तशी द्रव्ये पपनसातही असतात. प्रसादाची एक फोड मी घेतली, वाटीभर मात्र खाल्ले नाही.

मेटोप्रोलॉलविषयी थोडक्यात सांगते, कारण त्याने मला फारसे छळले नाही. ॲड्रिनॅलिनची हाक हृदयापर्यंत पोहोचू न देणारी ही गोळी आहे. सर जेम्स ब्लॅक यांनी या कुळातील प्रोप्रानोलॉल शोधले आणि १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्यांत त्यांचा समावेश होता. हृदय सावकाश आणि कमी जोराने चालले की त्याला प्राणवायूही कमी लागतो. माझी नाडी ८८वरून ५८वर आली. पहिले तीन आठवडे तिसऱ्या मजल्याचा जिना चढताना पायांत शिसे भरल्यासारखे वाटे, हात गार पडत आणि पहाटे चित्रविचित्र स्वप्ने पडत. मग शरीर सरावले. दम्याच्या रुग्णांनी ही गोळी डॉक्टरांशी बोलूनच घ्यायची असते. मधुमेह्यांमध्ये साखर उतरल्याची धडधड ती झाकून टाकते. ती एकाएकी सोडली तर दबून राहिलेली धडधड दुप्पट जोराने उसळते आणि छातीत दुखू शकते. म्हणून सुट्टीवर कोकणात जाताना मी ही पट्टी पर्समध्ये ठेवते, सामानात टाकत नाही.

आता मला ज्याची कबुली द्यायची आहे तिथे येते. ऑक्टोबरमधील तपासणीत माझे एलडीएल, म्हणजे वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, १४२वरून ६४वर आले होते. हे काम ॲटोरव्हास्टॅटिनचे. कोलेस्टेरॉल बहुतांशी आपले यकृतच बनवते. ते बनवण्याच्या साखळीतील एका विकराला स्टॅटिन अडवते. मग यकृताला कोलेस्टेरॉलची चणचण भासते आणि ते रक्तातील एलडीएल ओढून घेऊ लागते. याची सुरुवात जपानमध्ये झाली. अकिरा एंडो या संशोधकाने हजारो बुरश्या तपासल्या आणि १९७३ साली पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीत असे पहिले द्रव्य मिळवले. कोलेस्टेरॉल उतरवण्यापुरतेच या औषधाचे काम नसते. धमनीच्या भिंतीत साठलेला मेदाचा थर त्याने स्थिरावतो आणि फुटण्याची शक्यता घटते. माझा झटका असाच एक थर फुटून आला होता.

नोव्हेंबरमध्ये माझ्या मांड्या आणि पोटऱ्या दुखू लागल्या. त्याच सुमारास नात्यातल्या एकाने व्हॉट्सॲपवर लांबलचक मजकूर पाठवला की स्टॅटिनने स्नायू झिजतात, स्मरणशक्ती जाते आणि हा सगळा औषध कंपन्यांचा डाव आहे. मी तो तीनदा वाचला. पुढचे अकरा दिवस ती गोळी मी कोणालाही न सांगता घेतली नाही. रोज रात्री ती पट्टीतून काढून कागदाच्या पुडीत टाकत राहिले. पाय पहिल्याइतकेच दुखत होते. बाराव्या दिवशी यजमानांना पुडी सापडली. ते रागावले नाहीत. त्यांनी अकरा गोळ्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि माझ्यासमोर गप्प बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी बाईंना मी सगळे खरे सांगितले. त्यांनी आधी क्रिएटिन कायनेज ही स्नायूंची तपासणी केली. ती अगदी योग्य प्रमाणात होती. मग त्यांनी विचारले की नुकतेच चालणे वाढवले आहे का. मी दिवाळीपासून चौपाटीवर वीस मिनिटांऐवजी पन्नास मिनिटे चालत होते. स्टॅटिनमुळे स्नायू दुखू शकतात, हे त्यांनी मुळीच नाकारले नाही. पण २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाची गोष्ट त्यांनी सांगितली. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या साठ जणांना त्यात काही महिने खरी गोळी, काही महिने हुबेहूब दिसणारी खोटी गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे आलटून पालटून दिले होते. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास नोंदला गेला त्याच्या सुमारे ९० टक्के खोट्या गोळीवरही नोंदला गेला. ते दुखणे काल्पनिक नव्हते. माणसांना ते खरोखर जाणवत होते, परंतु त्याचे मूळ बहुतांशी गोळीच्या धास्तीत होते. मी आमच्या टेबलावरच्या त्या अकरा गोळ्या आठवल्या.

तरीही बाईंनी माझे दुखणे बाजूला सारले नाही. मात्रा ८०वरून ४० केली आणि जोडीला एझेटिमिब १० दिले. हे औषध आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषले जाण्याला आळा घालते. चालणे मी पुन्हा अर्ध्या तासावर आणले. महिन्याभरात पाय मोकळे झाले आणि एलडीएल ५१वर आले. लघवी चहासारखी गडद झाली आणि स्नायू फार दुखून अशक्त वाटले तर मात्र वाट पाहायची नाही, लगेच रुग्णालयात यायचे, असे त्यांनी लिहून दिले. तो प्रकार अतिशय विरळा असतो, पण गंभीर असतो. क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक कोणी दिले तर ॲटोरव्हास्टॅटिन चालू असल्याचे त्यांना आधी सांगायचे, हेही त्यात होते. स्टॅटिनने साखर किंचित वाढू शकते, म्हणून माझी तीन महिन्यांची सरासरी साखर आता नियमाने तपासली जाते.

सॉर्बिट्रेट मी वर्षात एकदाच वापरली. फेब्रुवारीत चर्नी रोड स्थानकाचा पूल घाईने चढताना जबड्यात तीच ओळखीची ठणक उठली. मी तिथेच पायरीवर बसले. उभ्याने ही गोळी घेतली तर रक्तदाब एकदम उतरून माणूस कोसळू शकतो. गोळी जिभेखाली ठेवली, तोंडात किंचित झिणझिणले आणि तीन-चार मिनिटांत ठणक ओसरली. मागोमाग दोन्ही कानशिले धाडधाड उडू लागली, कारण ज्या गुणाने हृदयाच्या वाहिन्या सैलावतात त्याच गुणाने डोक्याच्याही सैलावतात. पाच मिनिटांत आराम पडला नसता तर वाट न पाहता रुग्णवाहिका बोलवायची होती. या औषधाचे मोठे भावंड म्हणजे नायट्रोग्लिसरिन. १८४७ साली सोब्रेरो या इटालियन रसायनतज्ज्ञाने ते बनवले, आल्फ्रेड नोबेल यांनी त्यातून डायनामाइट घडवले आणि आयुष्याच्या अखेरीस त्याच नोबेल यांना डॉक्टरांनी हृदयासाठी तेच द्रव्य घ्यायला सांगितले. लैंगिक दुर्बलतेसाठी सिल्डेनाफिल घेणाऱ्या पुरुषांनी ही गोळी घेऊ नये, कारण दोन्ही मिळून रक्तदाब धोकादायक पातळीवर उतरतो. लाजेपायी ही गोष्ट अनेक घरांत बोलली जात नाही, म्हणून मी ती इथे मुद्दाम लिहीत आहे.

त्याआधी जानेवारीत एक दाढ काढायची वेळ आली होती. दाताच्या दवाखान्यात नाव नोंदवतानाच तिथल्या मुलीने सांगितले की रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या पाच दिवस आधी बंद करून या. स्टेंटला तेव्हा सहा महिनेच झाले होते. मी होकार दिला नाही. हृदयरोगतज्ज्ञ बाई आणि दंतवैद्य यांचे फोनवर बोलणे करून दिले आणि दोन्ही गोळ्या चालू ठेवूनच दाढ निघाली. जखमेत विरघळणारा स्पंज ठेवून दोन टाके घातले. एरवीपेक्षा रक्त जास्त वेळ पाझरले आणि तासाभराने थांबले. दुखण्यासाठी लिहून दिलेले आयब्युप्रोफेन मी घेतले नाही, पॅरासिटामॉल घेतले. आयब्युप्रोफेन ॲस्पिरिनची बिंबिकेवरील जागा अडवू शकते, पोटातील रक्तस्रावाचा धोका वाढवते आणि टेल्मिसार्टनच्या जोडीला मूत्रपिंडावर ताण आणते. अशी वेदनाशामके दुकानात सहज मिळतात, म्हणून त्यांची मला या यादीतील कोणत्याही गोळीपेक्षा अधिक भीती वाटते.

त्या ‘ए’ अक्षरानंतर मी एक तक्ता केला होता आणि तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. गोळीचे मूळ नाव, मात्रा, कशासाठी, केव्हापासून, काय त्रास झाला, असे रकाने त्यात आहेत. प्रत्येक तपासणीला त्याची प्रत बरोबर नेते आणि नव्या डॉक्टरांच्या हाती केसपेपरच्या आधी तीच ठेवते. २०२३च्या जुलैत वर्ष पुरे झाले तेव्हा बाईंनी तो तक्ता पाहून क्लोपिडोग्रेल थांबवले. ॲस्पिरिन, ॲटोरव्हास्टॅटिन, एझेटिमिब, टेल्मिसार्टन आणि मेटोप्रोलॉल चालू ठेवले. सॉर्बिट्रेट पर्समध्ये असतेच. पँटोप्राझोलचा निर्णय तीन महिन्यांनी घ्यायचा ठरले.

घरी येऊन मी क्लोपिडोग्रेलची ओळ पुसली नाही. तिच्यावर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिले: १२ जुलै २०२३, वर्ष पूर्ण, डॉक्टरांनी थांबवले. तिच्या वर रामिप्रिलवर आधीच मारलेली रेघ होती आणि तिच्याशेजारी लाल शाईत लिहिले होते: खोकला, पुन्हा देऊ नये.